तारा पेटायच्या आधी

नव्वदच्या दशकातला एक अख्खा हिवाळा मी गावोगाव जाऊन ताऱ्यांचा जन्म सांगत होतो, आणि एकाही गावात माझा तारा जन्माला येत नव्हता. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. मी धुळीच्या ढगापर्यंत पोचायचो आणि पेटी आवरून शेवटच्या एसटीमागे पळायचो.

मी तेव्हा बारामतीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं, आणि संध्याकाळी ‘कॉलेज खेड्यापर्यंत न्यायचं’, असं आमचे प्राचार्य म्हणायचे. कॉलेज म्हणजे मी. स्लाइड दाखवायचं यंत्र पत्र्याच्या पेटीत, पेटी माझ्या मांडीवर आणि मी एसटीच्या मागच्या बाकावर. चाळिशी अजून यायची होती, पण संध्याकाळी कुणी वय विचारलं असतं तर मी साठ सांगितलं असतं.

व्याख्यानाचं नाव ‘ताऱ्यांचा जन्म’. ते फळ्यावर लिहिलं गेलं की दोघं-चौघं खिशात पत्रिका घेऊन यायचे, पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारायला. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. ताऱ्यांकडून माणसाला आणखी काय हवं असतं? मी मान हलवून त्यांना पुढच्या रांगेत बसवायचो, तेवढेच श्रोते.

अवकाशात सोडलेल्या नव्या दुर्बिणीची चित्रं तेव्हा इंग्रजी मासिकांतून यायला लागली होती. बारामतीतल्या एका फोटोग्राफरनं लग्नसराईतून सवड काढून मला त्यांच्या स्लाइड करून दिल्या होत्या. पहिल्या स्लाइडवर मृग नक्षत्र, मधोमध एका ओळीतले तीन तारे, ज्यांना आमच्याकडं तिकांडं म्हणतात. दुसरीवर तिकांड्याच्या खाली दिसणारा पुसट डाग. मग तोच डाग जवळून, म्हणजे वायूचा आणि धुळीचा अफाट ढग. मग काळी धूळ, जिच्यामागचे तारे झाकले जातात. मग त्या धुळीत पडलेल्या गाठी. आणि शेवटी त्या दोन स्लाइड, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. एकीत गाठीच्या पोटात पेटलेला तारा, दुसरीत ताऱ्याभोवती उरलेल्या धुळीचं कडं. आधीच्या स्लाइड यंत्राच्या दिव्यानं तापून वाकल्या, त्यांचे रंग उडाले. शेवटच्या दोन कोऱ्या करकरीत राहिल्या, कारण त्यांची पाळीच यायची नाही.

घोडं अडायचं ते सत्कारापाशी. कार्यक्रम सहाचा असेल तर प्रमुख पाहुणे साडेसातला यायचे. मग अध्यक्षांचा सत्कार, पाहुण्यांचा, सरपंचांचा, माजी सरपंचांचा, सोसायटीच्या चेअरमनचा, दूध संस्थेच्या चेअरमनचा. माजी सरपंचांचा हार आजी सरपंचांच्या हारापेक्षा जाड निघाला तर दोन्ही हार काढून अदलाबदल. प्रत्येक जण सत्काराला उत्तर म्हणून ‘दोनच शब्द’ बोलायचा. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडं नमनालाच तेल संपायचं आणि पुढचं नाटक अंधारात.

एका वस्तीवर तर गंमतच झाली. यंत्राला वीज ज्याच्या घरातून घेतली होती, त्याचाच सत्कार राहून गेला. मी काळ्या धुळीच्या स्लाइडवर आलो तसा तो शांतपणे उठला, घरात गेला आणि त्यानं वायर काढली. मग जाणती मंडळी त्याची समजूत घालायला गेली. नारळ झाला, टोपी झाली, फेटाही झाला. वीज परत आली तेव्हा माझ्यासमोर सतरंजी गोळा करायला थांबलेला शिपाई तेवढा उरला होता.

आणि बायका. त्या सतरंजीच्या एका टोकाला बसायच्या. सत्कार आटपून मी उभा राहीपर्यंत भाकरीची वेळ झालेली असायची. मी ढगाचं चित्र लावलं की एकजण पदर सावरून उठायची, आणि तिच्यामागं ओळीनं सगळ्या. त्यांतल्या कितीतरी डोळ्यांत पुढचं ऐकायची इच्छा मला दिसायची. मला राग यायचा, पण तो नक्की कुणाचा, हे ठरवण्याएवढं त्राण नसायचं.

आमचं गाव पणदरे. वडील गेल्यावर शेती थोरला भाऊ बघायचा आणि आई माझ्याकडं बारामतीला राहायची. पणदऱ्यात व्याख्यान ठरलं तेव्हा ती हौसेनं आली. नव्या लुगड्याची घडी मोडून बायकांत बसली. आणि मी धुळीच्या ढगाशी पोचलो तशी भावजयीबरोबर उठून गेली, कारण सगळे पाहुणे आमच्याच घरी जेवायला होते.

परत येताना एसटीत तिनं मला कोपरानं ढोसलं. “तिकांड्याच्या बुडाला त्यो डाग हाय, त्यो म्हंजी धुरळा हाय, असं म्हनलास न्हवं तू?”

“व्हय.”

“मग म्होरं काय हुतं त्याचं?”

“तारा होतो.”

“कसा?”

माझे डोळे मिटत होते. मी म्हटलं, “उद्या सांगतो.”

“उद्या,” ती म्हणाली. नंतर खिडकीबाहेर बघत, मला सांगतेय की स्वतःशी बोलतेय ते कळू नये अशा आवाजात तिनं जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलं. तिचे वडील इंदापूरकडचे. पावसाळा सरला की कळप घेऊन घरदार वाटेला लागायचं. मेंढरं जाळीत कोंडली की ती घोंगडीवर उताणी पडून वर बघायची. बाकीचे तारे टोकदार, आणि हा एकच पुसट, लोकर पिंजताना हवेत उडालेल्या पुंजक्यासारखा. तिनं वडलांना विचारलं, हे असं का. वडील म्हणाले, “तुला काय करायचंय? नीज.” लग्न झाल्यावर तिनं माझ्या वडलांना विचारलं. ते म्हणाले, डोळ्यांत काहीतरी गेलं असेल. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

“तू कालिजात गेलास तवा म्हनलं, आता ह्यो सांगंल,” ती म्हणाली. “पर तुज्या परीक्षाच सपंनात. आन् आता नोकरी.”

घरी बसून सांगून टाकायचं, त्यात काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण घरी आलो, पाय धुतले, भिंतीला पाठ टेकली की मला जांभयांमागून जांभया यायच्या. बोलायला तोंड उघडावं तर जांभईच बाहेर पडायची. दोनदा मी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तिनंच थांबवलं. “ऱ्हाऊ दे. जांभया देत सांगितल्यालं मला नगं. येवढी वरसं ऱ्हायलंय ते काय असं उरकायचं? सभेत कसा खडखडीत बोलतोस, तसं सांग. म्या तितं येऊन ऐकंन.”

हे तिनं मनाशी पक्कं केलं. दोन-तीन जवळच्या गावांना ती माझ्याबरोबर आलीही. एकीकडं वीज गेली. एकीकडं दूध संस्थेच्या चेअरमननी दोन शब्द बोलायला घेतले आणि ते संपेपर्यंत शेवटच्या एसटीची वेळ झाली. येताना ती पिशवीतून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवायची.

निदान तो डाग तरी गच्चीवरून दाखवावा, असं मनात यायचं. पण मृग नेमका ज्या महिन्यांत संध्याकाळी वर येतो, त्याच महिन्यांत साखर कारखान्यांचं गाळप चालू. चिमण्यांचा धूर, तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख. आपल्या आणि त्या धुळीच्या मधे आपली स्वतःची धूळ. कारखाने थांबेपर्यंत मृग मावळतीला टेकतो, आणि जूनमध्ये लोक ‘मिरग निघाला’ म्हणून पेरणीला लागतात तेव्हा तो सूर्याबरोबर दिवसाच फिरत असतो. सगळी सोय अशी की दिसूच नये. आईचे डोळेही आता पूर्वीचे राहिले नव्हते. ती म्हणायची, “मला न्हाय दिसत आता. पर आसंल की तितंच. जातंय कुठं?”

हिवाळा सरता सरता इंदापूरच्या पलीकडून, आईच्या माहेरून बोलावणं आलं. माझा मामेभाऊ, ज्याला सगळे तात्या म्हणतात, तो बारामतीच्या बाजाराला आला तेव्हा घरी येऊन सांगून गेला. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम, तालुक्याचे एक मोठे पुढारी प्रमुख पाहुणे, नंतर सगळ्यांना मटणाचं जेवण.

आई म्हणाली, “मला खुर्ची पायजे. म्होरल्या रांगंत.”

“आत्या, तुला शिंव्हासन ठिवतो की.”

“शिंव्हासन नगं. खुर्ची ठिव, आन् कुनी मला उठवू नगा.”

“तुला म्हायारात कोन उठवतंय?” तात्या हसला.

आई पण हसली. तिचाही तोच हिशेब होता. सासरच्या गावात सून, मुलाच्या घरी आई, पण माहेरी बाई पाहुणी असते. तिथली चूल तिची नसते. आमच्याकडच्या सगळ्या बायकांचा हा भरवसा असतो. तिनं पुढचे आठ-दहा दिवस मला कशाला म्हणून हाक मारली नाही, झोपू दिलं. व्याख्यानाच्या दिवशी आलं घालून चहा केला आणि म्हणाली, “घसा नीट ठिव.”

इंदापूरला उतरून पुढं जीपनं गेलो. पटांगणात बाकं, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं, पुढं खुर्च्यांची एक रांग आणि तिच्या मधोमध आईची खुर्ची. समोर शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. तात्या मात्र तोंड पाडून उभा होता. “सायेब येत न्हायत,” तो म्हणाला. “सांगावा आलाय.”

मी वरवर हळहळलो. आतून मला इतकं हलकं वाटलं की क्षणभर थकवा गेला. पाहुणे नाहीत म्हणजे पाहुण्यांची वाट बघणं नाही, त्यांच्या मागून आलेल्यांचे सत्कार नाहीत, सत्काराला उत्तरं नाहीत. वीज शाळेचीच होती, रुसून वायर काढणारं कुणी नव्हतं. दोन हार, एक नारळ, आणि अजून भाकरीची वेळ झाली नाही तोच मी उभा राहिलोसुद्धा. आईनं मांडीवरची पिशवी नीट केली आणि हात जुळवून बसली, कीर्तनाला बसावं तशी.

पहिल्या स्लाइडला मागून कुणीतरी म्हणालं, “तिकांडं.” दुसरीवर मी काठीनं तो डाग दाखवला. आई खुर्चीत पुढं सरकली. मी तिच्याकडंच बघून बोलत होतो. तिसरी लावली, ढगाची, तेवढ्यात तात्याची पोरगी परकर सावरत कडेनं आली आणि आईच्या कानाशी वाकली.

ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं. रस्सा तयार होता, पण तात्याच्या बायकोच्या हातावर उकळतं कालवण सांडलं होतं. पंगत मोठी, आणि भाकऱ्या थापायला धाकटी सून एकटीच. “आई म्हनली, आत्या आजीला बलाव,” एवढंच ती पोर म्हणाली असणार. आईनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. हाताचा पंजा किंचित वर करून तिनं मला खूण केली, हळू. म्हणजे, जरा दमानं घे, मी आलेच. पिशवी खुर्चीवर ठेवली, जागा धरायला, आणि पोरीच्या मागं गेली.

मग मी ढग ताणला. मी सांगितलं की तो किती थंड असतो. आपल्याकडच्या माघातल्या पहाटेला त्याच्यासमोर चूल म्हणावं. मी सांगितलं की तो किती विरळ असतो. आपण ज्याला रिकामी जागा म्हणतो तीही त्याच्यापुढं भरगच्च. मी सांगितलं की धुळीचे कण काजळीच्या कणाहून बारीक असतात, तरी इतक्या लांबवर पसरले की मागचा उजेड अडतो, आणि पूर्वी मोठमोठ्या जाणत्यांनाही वाटायचं की तिथं आकाशाला भोकं पडली आहेत. काळ्या धुळीची स्लाइड लावली. पटांगणाला लागूनच असलेल्या तात्याच्या घराकडं बघितलं. तिकडं चुलीचा उजेड होता आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“आता लाखो वर्षं इथं काहीच घडत नाही,” मी म्हणालो. हे खोटं नाही. थोडं थांबलो, पाणी प्यालो. “आणखी लाखो वर्षं जातात.”

लोक खोकायला लागले. ट्रॉलीतली पोरं एकमेकांना ढकलायला लागली. मी गाठींच्या स्लाइडवर आलो आणि तिथंही मुक्काम केला. धूळ धुळीला ओढते, गाठ मोठी होते, जितकी मोठी तितकी जास्त ओढते, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरून एक म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “सर, आता पेटवा की.”

सगळे हसले. मीही हसलो. खुर्चीवर पिशवी बसली होती. मी ती स्लाइड लावली.

कधी न लावलेली स्लाइड, तिचे रंग जसेच्या तसे होते. धोतरावर एकदम एवढा उजेड पडला की पुढच्या रांगेतली तोंडं उजळली. गाठ आवळत गेली, पोटातून तापत गेली, इतकी की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळायला लागले आणि तारा पेटला, असं मी सांगितलं तेव्हा पटांगणात कुणी खोकत नव्हतं. मग शेवटची स्लाइड, उरलेल्या धुळीचं कडं. सगळा हिवाळा ज्याच्यासाठी मी एसटीत आदळत फिरलो, ते व्याख्यान त्या दिवशी पुरतं झालं. टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. मला नुसतं बसावंसं वाटत होतं.

तात्यानं माइक घेतला. “आता सरांच्या मातोश्री, आपल्या गावची लेक, यांचा सत्कार.” लोकांनी खुर्चीकडं बघितलं. कुणीतरी म्हणालं, “आत हायत, सैपाकात.” यावर आणखी टाळ्या पडल्या, जरा जास्तच. तात्यानं मातोश्रींची शाल माझ्या खांद्यावर घातली. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो?

पंगतीत मी बसलो तेव्हा भाकऱ्यांची चवड घेऊन ती स्वैपाकघराच्या दारात आली. कोपरापर्यंत पीठ, चुलीसमोर बसून तोंड लाल झालेलं. वाढप्याच्या हातात चवड देता देता तिनं मला विचारलं, “पेटला का?”

“पेटला.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि आत गेली. सगळ्यात शेवटी बायका जेवायला बसल्या तेव्हा मी ओसरीवर आडवा होऊन केव्हाच घोरत होतो.

सकाळी इंदापूरहून बारामतीची एसटी धरली. दोघांनाही जागा मिळाली. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, पेटी पायाशी. तिच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती, ती मांडीवर उघडी ठेवून बसली होती. गाडी निमगावच्या पुढं आली तेव्हा ती म्हणाली, “काल म्या उठले तवा ढगाचं चालू हुतं. तितनं धर.”

घसा बसला होता. अंगात जीव नव्हता. मी सुरुवात केली, पण खिडकीची काच चौकटीत सैल होती आणि रस्ता असा की ती अखंड खडखडत होती. आईनं कानाशी हात धरला. मग वाकून तिनं माझ्या पिशवीतून ती सत्काराची शाल काढली, तिची चांगली घट्ट गुंडाळी केली आणि काचेच्या फटीत दाबून बसवली. खडखड थांबली.

“आता बोल,” ती म्हणाली.

सभेतले शब्द मला आठवेनात. ते आठवायलाही जोर लागतो. घरात बोलतो तसंच तोंडातून येत गेलं. धुरळा गार पडून ऱ्हातो, मी तिला म्हणालो. कोन त्याला विचारत न्हाय. मग कुठंतरी लांब एखादा म्हातारा तारा फुटतो, त्याचा धक्का हितवर येतो आन् धुरळा जरा जवळ सरकतो. सरकला की एकमेकाला वढतो. वढत वढत गठुळं हुतं. गठुळं आवळतं तसं आतनं तापतं. वरनं काळंच दिसतं, आत काय चाललंय ते कुनाला म्हाईत नसतं. आन् मग एकदा आतल्या आत पेटतं. पेटल्यावर त्याचा वारा सुटतो, त्यो भवतालचा धुरळा बाजूला सारतो, तवा कुठं त्यो दिसाय लागतो. त्या डागात असं अजून चाललंय, आत्ता बी.

कंडक्टर तिकिटं विचारत आला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं, आणि तो थांबला.

“आन् बाजूला सारल्याला धुरळा? त्याचं काय?”

“थोडा उडून जातो. थोडा ताऱ्याभवती फिरत ऱ्हातो. त्याचीच मग जमीन झाली. डोंगर झालं. मेंढरं झाली, आपन झालो.”

बाहेर ऊस, मधेच तोडलेलं रान, पुन्हा ऊस. काटेवाडी गेली. मला वाटलं तिला झोप लागली. मग ती म्हणाली, “म्हंजी पेटनाऱ्याचं झाल्यावर जे उरलं, त्यात आपलं भागलं.”

“व्हय.”

“हे सांगितलंस काल? समद्यांना?”

“सांगितलं.”

“मग काय म्हनली लोकं?”

“टाळ्या वाजवल्या.”

ती माझ्याकडं वळून बघत राहिली, मी काही चुकीचं ऐकून आलोय असं. “टाळ्या,” ती म्हणाली. “ह्याला?”

आजही कुठं टाळ्या पडल्या की मला तिचं ते तोंड आठवतं आणि पुढचं बोलायचं मी विसरतो.

बारामतीचं स्टँड आलं. तिनं फटीतून शाल ओढून काढली, खिडकीबाहेर धरून झटकली आणि नीट घडी घातली. मी पेटी उचलली, तिला हात द्यायला खाली थांबलो. पायरीवर ती जरा थांबली.

“माज्या बापाला ठावं असतं,” ती म्हणाली, “तर त्यानं बी सांगितलं असतं. त्यो बी दमल्याला असायचा.”

मग ती उतरली. मी कॉलेजकडं निघालो. पहिला तास केव्हाच सुरू झाला होता.